शोभेचं गवत लोळतंय, घरचे म्हणतात तण कधी काढणार?

मातकट_हात

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

दीडेक वर्षापूर्वी शोभेच्या गवतांचे फोटो बघून बघून माझं डोकं फिरलं. ते सोनेरी तुरे, मागून ऊन, वारा आला की सगळं एकदम एका बाजूला झुकतंय वगैरे. मग काय, आणली. एक झेब्रा ग्रास (ते पिवळ्या आडव्या पट्ट्यांचं), एक जांभळं फाउंटन ग्रास, दोन निळं फेस्क्यू आणि एक पॅम्पस. भिंतीलगत माझी गुलाबांची रांग आहे, त्यात मधे मधे जागा होती तिथं एकेक लावून टाकलं. काळजी म्हणाल तर गुलाबाला जे जे देते ते सगळं त्यांनाही दिलं, दर महिन्याला शेणखत, मधून मधून १९:१९:१९ रासायनिक खत आणि आळं करून रोज पाणी. कुठंही कमी पडू दिलं नाही.

आता अवस्था ऐका. झेब्रा पाच फूट झालं आणि मग चहूबाजूंनी आडवं पडलं, मधोमध म्हैस बसून गेल्यासारखा खळगा. पट्टेही पुसट. फेस्क्यूतलं एक पावसात कुजून गेलं, दुसरं अर्धं तपकिरी, निळं तर कुठंच दिसत नाही. पॅम्पस गुडघ्याएवढं आहे, तुरा नाही काही नाही, पण पानांनी हात असा कापतं की बस्स. जांभळं तेवढं बरं आहे, त्याला लोंब्या येतात छान.

आणि हे सगळं मिळून फोटोसारखं तर सोडाच, बागेसारखंही दिसत नाही. सासूबाई रोज विचारतात तण कधी काढणार, नवरा म्हणतो हे मुद्दाम लावलंयस हे कुणाला सांगू नकोस.

तर प्रश्न असा की हे लोळतं का, मला काठ्या बांधायला हव्यात का, कापायचं कधी असतं आणि मुळात फोटोत दिसतं तसं दिसायला नक्की काय करावं लागतं?

खुरपं_आणि_मी

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे हो, "कुठंही कमी पडू दिलं नाही". तेच झालंय.

गहू बघा, युरिया जास्त पडला की हिरवागार होतो, ताडमाड वाढतो आणि एका वाऱ्यात लोळतो. ही शोभेची गवतं वेगळी कुणी नाहीत, त्याच खानदानातली आहेत. मिस्कॅन्थस (तुमचं झेब्रा त्यातलंच) हे तर उसाचं इतकं जवळचं नातेवाईक की दोघांचा संकर होतो. आणि फाउंटन ग्रास म्हणजे बाजरीचं चुलत भावंड. नत्र भरपूर मिळालं की पेशी भराभर लांबतात, दांडा उंच पण लेचापेचा होतो, त्यावर तुऱ्याचं वजन आलं, वर पाऊस पडून पानं भिजली की संपलं. गुलाब खादाड असतो, त्याला द्या. गवताला लावताना एकदा ओंजळभर कंपोस्ट दिलं तरी पुष्कळ, नंतर मी तर काहीच देत नाही. पाणीसुद्धा पहिलं वर्षभर नियमित, मुळं खाली गेली की हात आखडता घ्यायचा. आणि आळं मोडून टाका, त्यात पाणी साचून ठोंबाचा बुडखा ओला राहतो.

दुसरी गोष्ट ऊन. किती तास मिळतं तिथं? सहा तासांच्या खाली असेल तर झेब्रा कितीही लाड करा, लोळणार. पट्टे पुसट पडणं हीसुद्धा सावलीचीच खूण. तसे ते पट्टे हवा तापल्यावरच उठतात, कोवळ्या पानांवर सुरुवातीला दिसत नाहीत, पण भर हंगामातही पुसट असतील तर ऊन कमी पडतंय.

फेस्क्यूचं मात्र तुमच्या हातात फार काही नव्हतं, उगाच मनाला लावून घेऊ नका. गवतांचे ढोबळ दोन गट आहेत. एक थंडीत वाढणारी, म्हणजे गव्हासारखी, आणि दुसरी उन्हाळ्यात वाढणारी, ऊस-ज्वारी-मक्यासारखी, ज्यांना पुस्तकी भाषेत सी-४ म्हणतात. फेस्क्यू पहिल्यातलं. हवा गरम झाली की ते झोपतं, आणि गरम अधिक दमट असं दोन्ही आलं की कुजतं. थंड कोरड्या हवेत छान जगतं, तिथंही दोन-तीन वर्षांनी मधून वाळतं आणि ठोंब फोडून लावावा लागतो. आणि तो निळा रंग म्हणजे पानावरचा मेणाचा थर असतो, बोटानं चोळलात तर खालून साधं हिरवं पान निघेल. झेब्रा, फाउंटन, पॅनिकम, म्युली ही सगळी दुसऱ्या गटातली, उन्हात खुशाल राहणारी. तुम्ही दोन गटांना एका रांगेत बसवून एकच जेवण वाढलंत.

काठ्या लावू नका. सुतळीनं बांधलेलं गवत म्हणजे उभा केलेला झाडू दिसतो. तेवढ्यापुरतं पाहुणे येणार असतील तर ठीक.

आणि पुढच्या वेळी झेब्रा घेताना जात बघून घ्या. एक झेब्रिनस असतं ते स्वभावानंच कमानीसारखं वाकणारं आणि मग पडणारं, आणि दुसरं स्ट्रिक्टस, पट्टे तसेच पण पानं साळिंदराच्या काट्यांसारखी वर उभी. पट्टे बघून दोन्ही सारखीच वाटतात, विकणाऱ्यालाही बऱ्याचदा फरक माहीत नसतो.

कुंडीबहाद्दर

फेस्क्यूबद्दल +१. मी तीनदा आणलं, तीनदा मारलं. कुंडीत निम्मी जाड रेती घालून, सकाळचंच ऊन देऊन, सगळे सोपस्कार करून. चौथ्यांदा आणणार नाही अशी शपथ घेतलीय.

निळसर रंगच हवा असेल आणि हवा गरम असेल तर लिटल ब्लूस्टेम किंवा पॅनिकममधल्या निळ्या जाती बघा, दोन्ही उन्हाळी गटातल्या. लिटल ब्लूस्टेम तर उन्हाळ्यात निळसर हिरवं आणि हंगाम संपताना तांबूस होतं, मला तो नंतरचा रंगच जास्त आवडतो. पण तेही खतावलेल्या मातीत लोळतंच, खुरपंकाका म्हणतात ते तिथंही लागू.

उन्हाचा_कोपरा

खुरपंकाकांनी दुखणं बरोबर पकडलंय, मी फक्त दिसण्याबद्दल बोलते कारण माझा जीव त्यात आहे.

आधी एक विचारते, ती भिंत कुठल्या दिशेला आहे? गुलाबांच्या पूर्वेला की पश्चिमेला?

मातकट_हात

पश्चिमेला. दुपारी एक-दीडनंतर सावलीच असते तिथं. काका, म्हणजे पाच तास धरा फार तर.

आणि हो, आता तुम्ही म्हणालात म्हणून जाऊन बघितलं, सगळं गवत भिंतीपासून लांब, पूर्वेकडेच झुकलंय 🤦‍♀️

उन्हाचा_कोपरा

वाटलंच. मग तुमची दोन्ही दुखणी त्या एका भिंतीचीच आहेत.

बघा, गवताचं सौंदर्य पानात कमी आणि उजेडात जास्त असतं. फुलावर ऊन समोरून पडलं तरी ते सुंदर दिसतं, गवतावर समोरून पडलं तर ते नुसतं गवत दिसतं. तेच ऊन मागून, तिरकं, खालून आलं की प्रत्येक तुऱ्यातला केस न् केस पेटल्यासारखा होतो. तुम्ही जे फोटो बघितलेत ना, त्यातले बहुतेक सकाळी लवकर किंवा मावळतीला, कॅमेरा सूर्याकडे करून काढलेले असतात. तुमच्या गवताला मावळतीचं ऊन दिसतच नाही आणि सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येतं. म्हणजे फोटोतलं दृश्य तिथं घडणं शक्यच नाही, कितीही चांगलं वाढलं तरी. संध्याकाळी चहा घेऊन तुम्ही जिथं बसता तिथून मावळतीकडे बघा, तुम्ही आणि सूर्य यांच्या मधली जागा ही गवताची. आणि त्याच्या पलीकडे लांब काहीतरी गडद असेल, दाट कुंपण, मोठं झाड, तर मग विचारूच नका.

आता एकेकाबद्दल. एक झेब्रा, एक पॅम्पस, एक फाउंटन, ही बाग नाही झाली, नमुन्यांची पेटी झाली. (रागावू नका, माझी पहिली बाग अशीच होती, अकरा प्रकार, अकरा रोपं.) गवत एकटं असलं की डोळ्याला ते आपोआप उगवल्यासारखं वाटतं, म्हणून सासूबाईंना तण दिसतं, त्यांची चूक नाही. तेच सात ठोंब एका जातीचे एकत्र लावा, वारा आला की सातही एकदम हलतील आणि मग ते कुणी तरी ठरवून केलंय हे सांगावं लागत नाही. तुमच्याकडे जे सर्वात खूश आहे ते घ्या, म्हणजे जांभळं, आणि तेच वाढवा. अंतराचा साधा हिशोब म्हणजे ते जेवढं उंच होणार तेवढं दोन ठोंबांच्या मध्यात अंतर. लवकर भरायला हवं असेल तर थोडं जवळ चालतं, पण मग फोडणंही लवकर आलं.

आणि कड! कड स्वच्छ ठेवा. विटांची एक ओळ, दगड, नाहीतर नीट कापलेल्या हिरवळीची पट्टी, काहीही. आतलं गवत कितीही रानटी असू दे, बाहेरची रेघ नेटकी असली की माणूस म्हणतो वा काय बाग आहे, आणि रेघ नसली की म्हणतो लक्ष नाही वाटतं कुणाचं. मला ही युक्ती कळायला चार वर्षं लागली, तुम्हाला फुकट देतेय.

गुलाबात मात्र मुळीच नको. गुलाबाला उघडी हवा, खत, पाणी लागतं आणि गवताला यातलं एकही एवढं नको, शिवाय दोघांची पानं बारीक, नजर कुठं टेकतच नाही. गवताच्या सोबत एक तर मोठं थोराड पान लागतं, कॅना वगैरे, नाहीतर ठसठशीत आकाराचं फूल, रुडबेकिया, एकिनेशिया, गॅलार्डियासारखं चपटं गोल, किंवा साल्वियासारखं उभं टोकदार. गवत धुरासारखं असतं, त्यात काहीतरी घट्ट ठिपके हवेत.

हे सगळं मी ज्यांचं काम बघून शिकले ते डच माळी पीट ओडॉल्फ, १९४४ चा जन्म. न्यूयॉर्कमधली हाय लाइन बघा फोटोत, जुना उंचावरचा मालगाडीचा मार्ग, शेवटची गाडी १९८० मध्ये गेली, नंतर रुळांमधे रान माजलं, आणि २००९ पासून टप्प्याटप्प्यानं तिथं बाग खुली झाली, साधारण २.३ किलोमीटर. तिथली लागवड त्यांची. त्याआधी २००४ मध्ये शिकागोतली लुरी गार्डन. त्यांचं बघण्यासारखं म्हणजे ते झाड निवडताना फूल शेवटी बघतात, आधी आकार, आणि वाळल्यावर ते कसं दिसेल हेसुद्धा. आणखी एक गंमत त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. आपण लहान पुढे, उंच मागे असं लावतो ना, ते मोलिनियासारखं उंच पण विरळ गवत चक्क पुढे लावतात, त्याच्या दांड्यांतून मागची फुलं जाळीतून बघितल्यासारखी दिसतात. बागेला एकदम खोली येते.

नको_ते_रोप

सगळं छान चाललंय म्हणून मिठाचा खडा टाकायला आलोय.

ताई, ते पॅम्पस भिंतीपासून किती अंतरावर आहे? आणि गुलाबापासून?

मातकट_हात

भिंतीपासून दोन फूट. गुलाबापासूनही तेवढंच. का?

नको_ते_रोप

ते आठ-दहा फूट होतं. तुरे धरून. आणि घेरही पाच-सहा फूट सहज. आत्ता गुडघ्याएवढं आहे कारण बियांपासून केलेलं रोप असेल, त्यांना तुरा यायला दोन-तीन वर्षं लागतात. एकदा बसलं की पहारीशिवाय हलत नाही, म्हणून आत्ताच निर्णय घ्या.

मी तर म्हणतो काढाच. हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं आणि मादी रोपाच्या एका तुऱ्यात लाखभर बी होऊ शकतं, वाऱ्यावर लांब जातं. कॅलिफोर्नियात त्यानं किनाऱ्यालगतच्या जमिनी बळकावल्यात, न्यूझीलंडमध्ये तर विकायलाच बंदी आहे. सगळीकडे तसंच वागतं असं नाही, पण सुंदर आहे म्हणून आणलं आणि मग आवरेना ही गोष्ट गवतात फार वेळा घडलीय.

साधं फाउंटन ग्रास, हिरव्या पानांचं, त्याचंही तेच, २०१७ मध्ये युरोपियन युनियननं त्याला आक्रमक परक्या वनस्पतींच्या यादीत टाकलं. आणि "जपानी लाल गवत" किंवा रेड बॅरन म्हणून विकतात ते लाल टोकांचं, ते म्हणजे इम्पेराटा, काही ठिकाणी ज्याला दर्भ म्हणतात त्याचंच लाल रूप. लाल आहे तोवर सभ्य असतं, एखादा फुटवा परत हिरव्यावर गेला की तो जमिनीखालून धावत सुटतो. हिरवा फुटवा दिसला की त्याच दिवशी मुळासकट काढायचा.

त्यामुळे रोप विकत घेताना माझा पहिला प्रश्न रंगाचा नसतो, हे ठोंब करून एका जागी बसणारं आहे की खालून कोंब सोडत पळणारं? कुंडीतून उपसून मुळं बघा, पांढरे जाड टोकदार कोंब आडवे निघालेले दिसले की परत ठेवा. हरळी आणि लव्हाळा ज्यानं काढलाय त्याला मी काय सांगतोय ते कळेल.

मातकट_हात

बापरे. माझं जांभळंही त्यातलंच का मग? त्याला तर भरपूर लोंब्या येतात, मी बी जमवून ठेवलंय डबीत 😬

नको_ते_रोप

नाही नाही, घाबरू नका. जांभळं, म्हणजे रुब्रम, ते बहुतांश वांझ असतं, त्या डबीतून काही उगवणार नाही. म्हणूनच त्याची बाग निर्धास्त करता येते. वाढवायचं तर ठोंब फोडूनच. फक्त कडक थंडी सोसत नाही, जिथं हिम पडतं तिथं लोक दरवर्षी नवीन लावतात किंवा कुंडी आत घेतात.

लेबलवर कधी पेनिसेटम दिसेल कधी सेंक्रस, गोंधळू नका, शास्त्रज्ञांनी एकाला दुसऱ्यात टाकलंय, रोपं तीच.

बी पेरायचीच हौस असेल तर शोभेची बाजरी लावा. पर्पल मॅजेस्टी म्हणून एक जात आहे, २००३ मध्ये तिला ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचं (नव्या जाती लावून पारखणारी अमेरिकेतली संस्था) सुवर्णपदक मिळालं होतं. काळीजांभळी पानं, कणीस जांभळं, एका हंगामात तयार आणि एका हंगामात संपतं. पाखरं येतात कणसावर.

गच्चीवरची_शमा

मधेच घुसतेय, माझ्याकडे जमीन नाही, फक्त गच्ची. कुंडीत कोणतं जमेल? आणि एका कोपऱ्यात सावलीच सावली आहे, तिथं काही?

कुंडीबहाद्दर

हा आपला विषय.

जांभळं फाउंटन कुंडीत झकास, पण कुंडी खोल आणि जड घ्या. गवत पालासारखं वारा धरतं, गच्चीवर हलकी प्लास्टिकची कुंडी रोज आडवी मिळेल. मुळं वर्ष-दीड वर्षात कुंडी गच्च भरतात, माझी एक तर फुगून चिरली होती. पाणी वरून घातलं की सरळ कडेनं खाली निघून जायला लागलं म्हणजे फोडायची वेळ झाली. जमिनीत दुष्काळ सोसणारं गवत कुंडीत सोसत नाही हे लक्षात ठेवा, तिथं पाणी द्यावंच लागतं, काकांचा हात आखडता घ्या सल्ला कुंडीला नाही.

सावलीत खरं गवत फारसं रमत नाही. थंड हवा असेल तर हाकोनेक्लोआ सुरेख, धबधब्यासारखं पडतं. गरम हवेत मोंडो ग्रास नाहीतर लिरिओपी लावा. नावात ग्रास असलं तरी मोंडो गवत नाहीच, ती दोन्ही शतावरीच्या कुळातली आहेत, पण दिसतात गवतासारखी आणि सावलीत मजेत राहतात. ओलसर जागा असेल तर सायपेरस, ते छत्रीसारखं असतं ते, ते लव्हाळ्याच्या कुळातलं. दांडा दोन बोटांत धरून फिरवून बघा, तीन धारा लागल्या तर लव्हाळ्याच्या बाजूचं, गोल आणि मधे पेरं लागली तर गवत. नेहमीच नाही पण बऱ्याचदा बरोबर येतं.

गच्चीवरची_शमा

भारी! मोंडो आहे माझ्याकडे, मी दोन वर्षं त्याला गवत समजून "तुरा का येत नाही" म्हणून रागावत होते.

खुरपं_आणि_मी

कापण्याचं राहिलं. मी वर्षातून एकदा, सगळं वाळलं की जमिनीपासून वीतभर ठेवून साफ करतो. आधी सुतळीनं ठोंब घट्ट बांधून घ्यायचा, मग खालून कापायचा, अख्खी पेंढी हातात येते, बागभर काड्या सांडत नाहीत. हातमोजे आणि पूर्ण बाह्या पाहिजेतच. ताई, तुमचा हात कापला ना, गवताच्या पानाच्या कडेला सिलिका असते, अगदी बारीक करवतीचे दाते. त्यामुळे विळ्याची धारही लवकर जाते, दोन ठोंबांनंतर एकदा दगडावर घासा.

फेस्क्यूसारखी सदाहरित गवतं मात्र अशी सपाट कापू नका, हातमोजा घालून बोटांनी विंचरायची, मेलेलं तेवढं निघून येतं.

उन्हाचा_कोपरा

काका, तुम्ही फार लवकर कापता पण! वाळलं की लगेच? अहो वाळलेलं गवत म्हणजे निम्मी मजा, तो गव्हाळ रंग, त्यावर दव, सकाळचं ऊन. शिवाय पाखरं बी खातात, किडे त्यात हंगाम काढतात. मी बुडाशी हिरवी टोकं दिसेपर्यंत हात लावत नाही.

खुरपं_आणि_मी

तुमचं खरं आहे, पण माझी बाग घराला चिकटून आहे. वाळक्या गवताचा ढीग खिडकीखाली म्हणजे एक ठिणगी पुरे, आणि उंदरांना फुकटचं घर. घरापासून लांब असेल तर ठेवा की खुशाल. फक्त नवीन फुटवे वीतभर वर येईस्तोवर थांबू नका, मग जुनं कापताना नव्याची टोकं उडतात आणि वर्षभर ती पानं शेंड्याला चौकोनी कापल्यासारखी दिसतात.

उन्हाचा_कोपरा

हे मान्य. ते चौकोनी शेंडे मी केलेत एकदा 😄

नको_ते_रोप

आणि कृपा करून कुणी ठोंब जागेवर पेटवून "साफ" करू नका. मी बघितलंय करताना. वरचं जळतं, मधला जिवंत भागही जातो, आणि शेजारचं कुंपण बोनस.

मातकट_हात

तुम्ही सगळ्यांनी किती लिहिलंत, दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. नमुन्यांची पेटी ह्यावर तो अजून हसतोय.

तर आता माझं असं ठरलंय. फेस्क्यूला निरोप. पॅम्पसही काढते, मन होत नाहीये पण दोन फुटांत दहा फूट कुठं बसवू. झेब्रा आणि जांभळं तिथून हलवायचं. गेटजवळ एक कोपरा आहे, दिवसभर ऊन, माती अगदी मुरमाड, तीन-चार गोष्टी लावून बघितल्या, काही आलं नाही, म्हणून तसाच पडलाय. आणि मजा म्हणजे आम्ही संध्याकाळी जिथं बसतो तिथून बघितलं तर सूर्य बरोबर त्या कोपऱ्याच्या मागं मावळतो! इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता. मागं शेजारच्यांचं मोठं गडद झाडही आहे.

जांभळ्याचे किती तुकडे करता येतील? आणि कधी करू, आत्ता लगेच?

खुरपं_आणि_मी

वा ताई, तोच कोपरा. गवत लावायला जन्मलेली जागा आहे ती.

आत्ता नाही, थांबा. उन्हाळी गटातली गवतं हवा तापायला लागून बुडाशी हिरवी टोकं दिसली की फोडायची, म्हणजे जखम भरायला पुढे अख्खा हंगाम मिळतो. वाढ थांबताना फोडलीत तर मुळं धरत नाहीत आणि बसल्या जागी कुजतात. आधी वीतभर ठेवून कापा, मग ठोंब सगळीकडून कुदळीनं मोकळा करून अख्खा बाहेर काढा, आडवा टाका आणि फावड्यानं किंवा जुन्या करवतीनं चिरा. चाकूबिकू चालत नाही, झेब्राचा ठोंब तर लाकडासारखा असतो. मधला वाळका भाग फेकून द्या, कडेचा जिवंत भाग ठेवा. प्रत्येक तुकड्याला मूठभर फुटवे आणि त्याखाली मुळं हवीत, दीड वर्षाच्या ठोंबातून चार-पाच आरामात निघतील, लोभानं दहा करू नका. आधी होता तेवढ्याच खोलीवर लावायचं. दोन-तीन आठवडे पाणी चुकवू नका, पहिल्या वर्षी ते केविलवाणंच दिसेल, त्याला काही करू नका.

झेब्रा एकच राहील, ते मागे एका बाजूला ठेवा, त्याच्या पुढ्यात जांभळ्याचा घोळका.

उन्हाचा_कोपरा

आणि कड विसरू नका! गेटजवळ आहे म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण बघणार. विटांची एक ओळ.

पहिल्या वर्षी मधल्या मोकळ्या जागेत कॉसमॉस नाहीतर झिनिया टाका बियांनी, नाहीतर सासूबाई पुन्हा खुरपं घेऊन येतील.

कुंडीबहाद्दर

कोपऱ्याला उतार असेल आणि पावसात माती वाहून जात असेल तर उताराच्या खालच्या बाजूला वाळ्याची एक ओळ लावा. मुळं सरळ खाली तीन-चार मीटर जातात, आडवी पसरत नाहीत, माती धरून ठेवतात. दिसायलाही उभं, हिरवं, तुमच्या जांभळ्याला पाठ म्हणून छान.

मातकट_हात

उतार आहे थोडा, वाळा नक्की लावते. हिरवी टोकं येईपर्यंत थांबते, विटा मात्र याच आठवड्यात.

काका एक विचारायचं होतं, म्हणजे आता विचारावं की नको... कोपऱ्याची माती फारच निकस आहे म्हणून काल मी उत्साहानं एक पोतं शेणखत ओतून खणून मिसळलं पण 🙈

खुरपं_आणि_मी

अरे देवा.

वरचं सहा इंच काढा आणि गुलाबांना घाला. ते तरी खूश होतील.